फोडण्यासाठी बांधलेला कट्टा

भोरच्या कु. निलोफर नूरुद्दीन शिकलगार यांना एक कट्टा फोडायचा होता. कट्टा त्यांनी स्वतःच बांधला होता, फोडण्यासाठीच बांधला होता, आणि ठरल्या वेळी तो फुटला असता तर त्यांच्या नावामागे 'डॉ.' लागून ही गोष्ट इथेच संपली असती. तुमचाही वेळ वाचला असता. पण आपल्याकडे रस्ता, पूल, शाळेची भिंत वगैरे जे आपोआप फुटतं त्याबद्दल कुणी कुणाला विचारत नाही. मुद्दाम फोडायचं म्हटलं की मात्र परवानगी लागते. निलोफरला हे ठाऊक नव्हतं. ती बिचारी पुस्तकातून इंजिनिअरिंग शिकली होती.

संशोधनाचा विषय होता 'धातुभट्टीतील मळीचा कमी-कार्बन सिमेंटमधील वापर'. घाबरू नका, सोपं आहे. भट्टीत लोखंड वितळलं की वर जी मळी तरंगते तिला स्लॅग म्हणतात. सारोळ्यावरून नीरेचा पूल ओलांडला की एका फाउंड्रीच्या मागे या स्लॅगचा भलामोठा ढीग पडलेला असायचा. फाउंड्रीला तो नको, शेजारच्या शेतकऱ्याला नको, पाहायला आलेल्या अधिकाऱ्यांना तर तो दिसायचाच नाही. दुसरीकडे सिमेंटच्या भट्ट्या आभाळात इतका धूर सोडत होत्या की त्या सुमारास जगभरचे लोक विमानांत बसून दूरदूरच्या देशांत जमायचे आणि धूर कसा कमी करावा यावर बोलायचे. निलोफरचं म्हणणं एवढंच की ही मळी बारीक दळून सिमेंटमध्ये मिसळा. सिमेंट कमी लागेल, धूर कमी होईल, ढीगही हलेल.

तिचे वडील नूरुद्दीन भोरात ग्रिल-गेटचं दुकान चालवायचे. त्यांनी हा विषय एकदा नीट ऐकून घेतला होता.

"म्हंजी लोकांनी टाकल्यालं तू उचलनार, दळनार, आन त्येचं घर बांधनार," ते म्हणाले. "वाईट काय न्हाई. पर ह्याला एवढी वर्सं साळा कशापायी?"

वर्षं लागायचं कारण त्या काँक्रीटच्या स्वभावात होतं. साधं काँक्रीट महिन्याभरात काय व्हायचं ते होऊन मोकळं होतं. स्लॅगचं काँक्रीट सावकाश. पाऊस खातं, ऊन खातं आणि मुरत मुरत घट्ट होत जातं. प्रयोगशाळेतले ठोकळे निलोफरने यंत्रात घालून फोडले होते आणि आकडे झकास आले होते. पण तिचे पुण्याचे गाईड डॉ. आनंदराव मारणे यांचं समाधान झालं नाही.

"ठोकळे सगळेच आणतात," मारणे सर म्हणाले. "परीक्षक विचारणार, प्रत्यक्षात काय? कुठेतरी रस्त्याकडेला काहीतरी बांध. माणसं बसू देत, म्हशी अंग घासू देत, दोन पावसाळे जाऊ देत. मग फोड, तुकडे यंत्रात घाल, आकडा लिही. आकडा आला की तू डॉक्टर."

डॉक्टर होणं निलोफरला फार गरजेचं होतं. ती एका कॉलेजात शिकवायची, पण हंगामी. कॉलेजने स्पष्ट बजावलं होतं की नोंदणीची मुदत संपायच्या आत पदवी आणा, नाहीतर पुढच्या जूनला तुमच्या खुर्चीत दुसरं कुणी बसेल. नूरुद्दीनच्या दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला "माजी पोरगी डॉक्टर व्हतीय, सिमिटाची" असं सांगून झालं होतं. एका बाईने तर गुडघा दाखवायला कधी येऊ असंही विचारून ठेवलं होतं.

तेव्हा जागा शोधली. नसरापूर सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की तांबटमाळ नावाचा फाटा लागतो. तिथे एसटीला थांबणारी माणसं धोंड्यांवर बसायची. सरपंच मानसिंग धुमाळ उदार मनाचे होते.

"बांधा की मॅडम. दोन बांधा."

"पण दोन पावसाळ्यांनी मी तो फोडणार आहे."

"फोडा की. आदी बांधा तर!"

त्यांची एकच अट होती, नारळाची. निलोफरने समजावून सांगितलं की काँक्रीट ओलं आहे, त्यात मोजून पाणी घातलंय. सरपंच कळवळून म्हणाले, "नारळ फोडल्याबिगर सिमिट धरत न्हाई, मॅडम. आमी करून बघितलंय." मग ओल्या कट्ट्यावर नारळ फुटला, फोटो निघाला, खोबरं वाटलं गेलं, आणि निलोफरच्या प्रबंधात एक तळटीप वाढली: 'मिश्रणात अल्प प्रमाणात नारळपाणी गेले असून त्याचा परिणाम नगण्य मानला आहे.' कट्ट्याच्या कडेला तिने लाल रंगाने 'नमुना – संशोधनासाठी' असं लिहिलं आणि ती पाऊस पडायची वाट बघू लागली.

पाऊस पडला. वेल्ह्याकडचा पाऊस काही सांगायला नको. दगड मऊ पडतील असा तो पडतो. रस्ता पहिल्याच आषाढात वाहून गेला, मग पुन्हा झाला, मग पुन्हा वाहून गेला. कट्टा जागचा हलला नाही. वरच्या वस्तीवरच्या ठकुबाई रोज पाट्या घेऊन नसरापूरला निघायच्या, त्यांनी तर एक कोपरा स्वतःचाच करून टाकला. निलोफर वहीत मापं टिपायला आली की त्या तिला बाजूला बसवून घ्यायच्या. "लई गुणाचा कट्टा हाय बग तुजा. उन्हाचा तापत न्हाई आन पावसाचा उकलत न्हाई. आमचा थोरला असा निघाया पायजे व्हता."

निलोफरला हे ऐकून इतका आनंद व्हायचा की एसटीत बसेपर्यंत ती एकटीच हसत असायची.

पहिल्या पावसाळ्यानंतर कॉलेजच्या कामांत तिची तिकडे फेरी झाली नाही. दुसरा पावसाळा सरला. निलोफर वडिलांच्या टेम्पोत फोडायचं मशीन, एक गडी आणि तुकडे ठेवायला पिशव्या घेऊन तांबटमाळला आली आणि बघतच राहिली. कट्ट्याच्या मागे पाटी उभी होती:

'प्रवासी निवारा, टप्पा क्र. १. लोकार्पण: मा. श्री. ........................ यांच्या शुभहस्ते.'

"निवारा?" निलोफर म्हणाली. "छप्पर कुठाय?"

"छप्पर टप्पा दोनमदी," सरपंच म्हणाले. "मॅडम, मार्चअखेर व्हती. वरनं निवारा मंजूर होऊन आल्याला. काम पूर्ण झाल्यालं दाखवा म्हनले. आता गावात पूर्ण झाल्यालं काम एकच व्हतं."

"पण ते माझं होतं!"

"व्हय. म्हनून तर पूर्ण व्हतं."

तिने टिंबांकडे बोट दाखवलं.

"आवो, कोन येनार त्ये ठरंना," सरपंच म्हणाले. "म्हनलं पाटी तर लावू, नाव मागनं लिहू. तर आता ह्या रस्त्यानं जो मोटा मानूस जातो त्यो उतरतो आन लोकार्पन करून जातो. फीत आमी दुकानात ठेवलीच हाय. लई जनांनी केलं आतापातूर. तुमी म्हंता फोडायचा. सांगा बरं, किती जनांची मनं दुखावतील?"

"नाव तर एकाचंही नाही."

"त्योच घोळ हाय ना! नाव असतं तर एकच दुखावला असता."

तरीही सरपंचांनी वाट दाखवली. आपल्या हातात काही नाही, सरकारी वास्तू झाली, तुम्ही शाखा अभियंत्यांना भेटा. म्हणजे चिमाजी शेडगे यांना. शेडगे साहेब सज्जन होते. चहा पाजल्याशिवाय ते कुणालाही नाही म्हणत नसत.

"सरकारी बांधकाम पाडायचं म्हणजे निर्लेखन, दप्तरातून वास्तू कमी करणं आलं," त्यांनी चहा मागवला. "निर्लेखन कधी होतं? वास्तू धोकादायक असेल तर. तुमचा कट्टा धोकादायक आहे का?"

"अजिबात नाही. भक्कम आहे."

"मग पाडायचा कशाला?"

"भक्कम आहे हे सिद्ध करायला."

शेडगे साहेबांनी कप बशीत ठेवला. "पुन्हा सांगा, मॅडम."

तिने पुन्हा सांगितलं. साहेबांनी मान हलवली, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "स्थळपाहणी करू."

स्थळपाहणी झाली. साहेबांनी कट्ट्यावर किल्लीने टकटक केलं, बुटाने लाथ मारली आणि शेवटी वर चढून दोन उड्याही मारल्या. शेजारी ठकुबाई बसलेल्या होत्या, त्या तशाच बसून राहिल्या. साहेब खाली उतरले ते खरोखर हेलावून. "एवढी वर्षं नोकरी केली," ते म्हणाले, "पण असलं काम हाताला लागलं नव्हतं हो." आणि त्यांनी शेरा मारला, 'बांधकाम सुस्थितीत. निर्लेखनास अपात्र.'

निलोफरला एकाच वेळी अभिमानही वाटला आणि रडूही आलं. पहिल्यांदाच एका सरकारी माणसाने तिच्या काँक्रीटचं कौतुक केलं होतं आणि त्या कौतुकाने तिची पदवी बुडत होती. जितकं चांगलं संशोधन, तितका कट्टा फुटणं अवघड. तिने थोडं वाईट बांधलं असतं तर एव्हाना ती डॉक्टर झाली असती.

शेडगे साहेबांना तिची दया आली. हळू आवाजात ते म्हणाले, "एक मार्ग आहे. तुम्ही या विषयातल्या तज्ज्ञ. तुम्हीच अर्ज द्या की सदर कट्टा धोकादायक आहे. पुढचं मी बघतो."

"म्हणजे खोटं लिहून देऊ?"

"अर्ज आहे, मॅडम. अर्जात कोण खरं लिहितं?"

ती पुण्याला जाऊन मारणे सरांना भेटली. सर एका परिषदेच्या गडबडीत होते. "अर्जात तू काय लिहितेस याला काडीचं महत्त्व नाही," ते जिन्यातूनच म्हणाले. "प्रबंधात काय लिहितेस याला आहे. मुदत जवळ आलीय, घोळ घालू नकोस."

तिने अर्ज लिहिला. 'सदर कट्टा प्रवाशांच्या जिवास धोकादायक असून तो तातडीने पाडण्यात यावा.' खाली सही केली आणि मनाशी म्हणाली, एकदा तुकडे हातात आले की सगळ्यांची तोंडं बंद करते.

अर्ज पडला आणि यंत्रणा खडबडून जागी झाली. रस्त्यात गुडघाभर खड्डे असताना ती गाढ झोपलेली होती, हे कुणी मनात आणू नये. पहिल्यांदा कट्ट्याभोवती बाभळीच्या फांद्या टाकल्या गेल्या, म्हणजे कुणी बसून जिवाला मुकू नये. ठकुबाई पाट्या घेऊन उन्हात उभ्या राहू लागल्या. निलोफर दिसली की त्या दुसरीकडे बघायच्या, आणि एकदा न राहवून म्हणाल्याच, "म्या रोज बसत व्हते त्यावर. मला न्हाई दिसला त्यो धोका. तुजीच दिष्ट लागली त्येला."

निलोफर मान खाली घालून उभी राहिली.

मग शेडगे साहेबांचा निरोप आला की नुसत्या अर्जावर कट्टा धोकादायक ठरत नाही, चाचणी लागते. निलोफरला हायसं वाटलं. चाचणी म्हणजे फोडणं आलंच! ती धावत कचेरीत गेली.

"फोडून कसं चालेल?" साहेब म्हणाले. "धोकादायक ठरल्याशिवाय फोडता येत नाही."

"आणि फोडल्याशिवाय धोकादायक ठरणार कसं?"

"प्रातिनिधिक नमुना घेऊन."

प्रातिनिधिक नमुना म्हणजे काय, तर त्याच वर्षी, त्याच गावात, साधारण त्याच मापाचा दुसरा कट्टा. असा एक कट्टा शाळेसमोर होता. तो सरपंचांच्या मेव्हण्यांनी बांधला होता. त्याचा तुकडा काढायला हत्यार न्यायची गरज पडली नाही, शिपायाने तो हातानेच उचलून पोत्यात टाकला. पोतं एसटीच्या टपावरून पुण्याच्या प्रयोगशाळेत पोचलं तेव्हा तिथल्या माणसाने विचारलं म्हणे, की हे तपासायचंय की चाळायचंय? तरी अहवाल आला. सही होती, शिक्का होता, तीन प्रती होत्या. 'नमुना यंत्रात ठेवण्यापूर्वीच निकामी झाला. स्लॅगमिश्रित काँक्रीट ग्रामीण वापरास अयोग्य.'

"साहेब, हा माझा कट्टाच नाही!" निलोफरचा आवाज चढला. "यात स्लॅगचा कणसुद्धा नाही."

"त्यात सिमेंटचाही नाही, मॅडम," शेडगे साहेब शांतपणे म्हणाले. "पण ते आपण बोलायचं नसतं. तुम्हाला फोडायचा होता ना? घ्या, आदेश निघाला."

आणि खरंच निघाला. पाडकामाचं कंत्राट सरपंचांच्या मेव्हण्यांना मिळालं, कारण कट्टे पडण्याचा अनुभव त्यांच्याइतका कुणाच्याच गाठी नव्हता.

पाडकामाच्या दिवशी फाट्यावर जत्रा भरली. आधी घण चालले, घणांचे दांडे तुटले. मग फोडायचं मशीन आलं, त्याचं टोक बोथट झालं. दुपारी नसरापुराहून जेसीबी मागवला तेव्हा कुठे कट्ट्याला एक चीर गेली. सरपंच कमरेवर हात ठेवून बघत होते. "धोकादायक लई चिवट असतंय राव," ते म्हणाले. नूरुद्दीन टेम्पोला टेकून उभे होते आणि प्रत्येक घावाला त्यांची मान ताठ होत होती. संध्याकाळच्या सुमारास कट्टा हरला. तुकडे पडले, आणि आतून ते निळसर निघाले, ओल्या दगडी पाटीसारखे. स्लॅग नीट मुरली की आतला रंग असा होतो. निलोफरच्या डोळ्यांत पाणी आलं. पिशवी उघडून ती पुढे झाली.

"हां हां, मॅडम!" शेडगे साहेब आडवे आले. "राडारोडा शासकीय मालमत्ता आहे. लिलाव होईल."

"मला चार तुकडे द्या फक्त. त्यासाठीच तर एवढं केलं!"

"धोकादायक ठरलेली वस्तू नागरिकाच्या हातात कशी देऊ? उद्या तुमच्या पायावर पडली तर?"

लिलावही झाला नाही. तेवढ्यात साहेबांचा मोबाईल वाजला आणि कळलं की उद्या सकाळी याच रस्त्याने एक बडे पाहुणे वेल्ह्याला जाणार आहेत. रस्त्यावर खड्डे, हाताशी राडारोडा. मेव्हण्यांनी सगळे तुकडे ट्रॉलीत भरले, फाट्यापासून नसरापूरकडच्या खड्ड्यांत ओतले, वर डांबर शिंपडून रोलर फिरवला आणि त्याचंही बिल लावलं. निलोफर रिकामी पिशवी धरून बघत राहिली. तिच्या आयुष्याची चार-पाच वर्षं तिच्या डोळ्यांदेखत रस्त्यात गेली.

शेवटच्या खेपेला ट्रॉलीवाला नूरुद्दीनना म्हणाला होता, "चाचा, तुमच्या चाकाखालचा धोंडा बी त्यातलाच दिसतोय. द्या हिकडं."

"त्यो व्हय?" नूरुद्दीन जागचे हलले नाहीत. "त्यो माज्या टेम्पोचा हाय. ब्रेक धरत न्हाई, म्हनून चाकाखाली लावतो. काढला तर टेम्पो सरळ तुज्या अंगावं यील. काढू?"

ट्रॉलीवाला पुढे गेला.

त्या धोंड्याचा ठोकळा कापून निलोफरने पुण्याला यंत्रात ठेवला. मारणे सर शेजारी उभे राहिले. काटा चढला, चढला, आधीच्या ठोकळ्यांच्या आकड्यांच्या वर गेला तरी चढतच राहिला. सरांनी चष्मा पुसला. शेवटी ठोकळा असा काही कडाडून फुटला की बाहेरची मुलं आत डोकावली.

"वा!" सर म्हणाले. ते अगदी मनापासून म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "पण हे लिहिता येणार नाही."

"का, सर?"

"अगं, तुझ्या कट्ट्यावर शासनाचा अहवाल आहे. सहीशिक्क्याचा. तो मागवला गेला तुझ्याच अर्जावरून. आणि याच्या विरोधात तू काय मांडणार? तुझ्या वडिलांच्या टेम्पोखालचा धोंडा? हा त्याच कट्ट्याचा आहे याचा दाखला कोण देणार? कट्टा तर अस्तित्वातच नाही."

"पण सर, खरं हेच आहे."

"कोण नाही म्हणतंय? पण प्रबंधाला निष्कर्ष लागतो, आणि तो कागदपत्रांशी जुळावा लागतो. मुदत महिनाअखेर संपते. बघ बाई, तुझं तू ठरव."

त्या संध्याकाळी भोरला दुकानात नूरुद्दीननी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला. "आला का आकडा?"

"आला, अब्बा."

"लई?"

"लई."

"मग पेढे आनू का?"

"लिहायचा नाही म्हणतात." आणि ती ढसाढसा रडली.

नूरुद्दीननी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाले, "तुजं तू बग, पोरी. तू शिकल्याली हायेस. पर धोंडा उरला आसंल तर परत आन. टेम्पो सरकतोय."

निलोफरने काय केलं असेल असं तुम्हाला वाटतं? तुम्ही काय केलं असतं, ते आत्ता मोठ्याने सांगू नका. तिने लिहिलं. 'प्रत्यक्ष वापरात स्लॅगमिश्रित काँक्रीट अयोग्य ठरते, असा निष्कर्ष निघतो.' निष्कर्ष निघाला, आणि तो कागदपत्रांशी तंतोतंत जुळला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले परीक्षक तर भारावून गेले. "स्वतःच्याच गृहीतकाविरुद्ध निष्कर्ष काढायचा," ते म्हणाले, "म्हणजे केवढा प्रामाणिकपणा लागतो! आजकाल हा दुर्मिळ झाला आहे." सर्वांनी टाळ्या वाजवल्या. निलोफर उभी राहिली आणि तिने आभार मानले.

तांबटमाळला सत्कार झाला, तोही दोन पावसाळे उलटल्यावर. जुन्या जागी नवा प्रवासी निवारा, टप्पा क्र. १ उभा राहिला होता, मेव्हण्यांनी बांधलेला, मान्यताप्राप्त सिमेंटचा. टिंबांची पाटी तीच होती. सरपंचांनी खुर्च्या मात्र खाली मातीत मांडल्या. "कट्ट्यावं कुनी चढू नका," ते सगळ्यांना हळूच सांगत होते. "फोटूत मागं दिसला म्हंजी झालं." शेडगे साहेबांनी शाल घातली, नूरुद्दीननी डोळे पुसले, आणि त्या गुडघेवाल्या बाईही आल्या होत्या.

परतीच्या एसटीत ठकुबाई शेजारी येऊन बसल्या. झालं गेलं त्या विसरल्या असाव्यात. गाडी निघाली ती उड्या मारतच. माणसं सीटवरून उडत होती, पाट्या घरंगळत होत्या, कंडक्टर दांडी धरून लोंबकळत तिकिटं फाडत होता. फाटा मागे पडला आणि एकाएकी गाडी शांत झाली. बैठकीच्या खोलीत बसावं तसं वाटलं. थोड्या वेळाने पुन्हा आदळआपट सुरू झाली.

"बगितलंस?" ठकुबाई म्हणाल्या. "सगळा रस्ता गेला, पर हितं गाडी आदळत न्हाई. दोन पावसाळं झालं, खड्डा न्हाई पडला. कशानं गं असंल? तू डॉक्टर झालीस ना ह्यातली?"

सांगायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सत्काराचा हार अजून गळ्यातच होता, आणि मागच्या सीटवर शेडगे साहेब बसले होते.

"तपासावं लागेल, मावशी," ती म्हणाली.

डॉ. निलोफर शिकलगार आज कॉलेजात कायम आहेत. शिवाय नव्या इमारतींना मजबुतीचे दाखले देणाऱ्या तज्ज्ञांत त्यांचं नाव आहे. पुण्यापासून पार किकवीपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना ज्या सोसायट्या उठल्या, त्यातल्या पुष्कळांचे दाखले त्यांच्या सहीचे आहेत. काम भराभर होतं. त्या काही फोडून बघत नाहीत. आधीचा कागद बघतात आणि त्याच्याशी जुळणारा दुसरा देतात.

तुम्हाला त्यांचा राग आला असेल. येणारच, तुम्ही सरळ माणूस. मात्र घर घेताना तुम्ही फरशीची डिझाइन पाहिली, गॅलरीतून डोंगर दिसतो का पाहिलं, दाखल्यावर गोल शिक्का आहे ना, तेही पाहिलं. दाखला कशावरून दिला, हे काही विचारलं नाहीत. असो. आता जरा वर बघा, डोक्यावरच्या स्लॅबकडे. नुसतं बघा हं. ठोकून पाहू नका. त्याला परवानगी लागते, आणि स्लॅब धोकादायक असल्याशिवाय ती मिळत नाही.